पेन इथे टेकवतो, रेघ तिथे उमटते : स्टायलसची अचूकता आणि कॅलिब्रेशन

रंकाळाकाठ (धागाकर्ता)

पेनवर चालणारा लॅपटॉप किंवा टॅब घेतलेल्या कुणाशीही बोला, थोड्या वेळात गाडी इथेच येते. 'टोक जरा बाजूला पडतंय', 'कडेला गेलं की रेघ सरकते', 'हळू ओढली की रेघ थरथरते'. आणि सगळ्यांना उत्तर एकच मिळतं : कॅलिब्रेट कर, म्हणजे स्क्रीनवरच्या खुणांवर पेन टेकवून यंत्राला जागांचा हिशेब नव्यानं शिकव. माझं मत वेगळं आहे. आधी दोष कुठला आहे ते ओळखा, मग कॅलिब्रेशनला हात लावा. कॅलिब्रेशननं यातला एक दोष पूर्ण जातो, एक अर्धामुर्धा जातो, आणि बाकीच्यांवर ते केलं तर कारखान्यातून नीट आलेली मांडणीही बिघडते.

कोल्हापुरात पेनवर पोट असलेली माणसं आता बरीच आहेत. गुजरीत दागिन्यांची डिझाइनं काढणारे, इचलकरंजीच्या मागांसाठी नक्षी काढणारे, क्लासमध्ये स्क्रीनवर गणितं सोडवणारे सर, लग्नपत्रिका आणि पाट्यांची अक्षरं काढणारे माझ्यासारखे. आमच्या कामात अर्धा मिलिमीटरसुद्धा डोळ्याला खुपतो. म्हणून हा धागा.

मी कसोटी अशी घेतो. स्क्रीनवर नऊ फुल्या असलेलं चित्र उघडायचं : एक मधोमध, चार कोपऱ्यांत, चार कडांच्या मध्यावर. स्क्रीन फिरण्याचं सेटिंग बंद करायचं. प्रत्येक फुलीवर नेहमीसारखा पेन धरून ठिपका द्यायचा. सगळीकडे ठिपका एकाच बाजूला तेवढाच सरकलेला असेल तर तो सरसकट फरक. मधे बरोबर आणि कडेला चूक असेल तर तो कडेचा दोष, आणि ते दुखणं वेगळं आहे.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची पायरी, जी बहुतेक जण करत नाहीत. तुम्ही बसल्या जागी राहा आणि यंत्रच उलटं फिरवा, म्हणजे त्याची वरची कड तुमच्याकडे येईल. पुन्हा त्याच फुल्यांवर ठिपके द्या. आधी ठिपका तुमच्या बाजूला पडत होता आणि आता तुमच्यापासून लांब पडायला लागला, तर फरक यंत्रात आहे, तिथे कॅलिब्रेशन करा. पण यंत्र फिरवूनही ठिपका तुमच्याच बाजूला पडत राहिला, तर फरक तुमच्या नजरेचा किंवा हाताच्या कलतेपणाचा आहे. मग पेन अगदी उभा धरून बघायचं. उभ्या पेननं फरक गेला तर कारण कलणं. तरीही राहिला तर कारण काचेची जाडी.

तिसरी कसोटी शिरोरेखेची. देवनागरी लिहिणाऱ्याला याहून चांगली चाचणी मिळणार नाही, कारण आपण दर शब्दाला एक सरळ आडवी रेघ ओढतो आणि ती वाकडी आली की लगेच दिसते. प्लास्टिकची पट्टी ठेवून एक रेघ आडवी आणि एक थोडी तिरपी, अगदी सावकाश ओढायची. पट्टी स्टीलची नको, काही प्रकारच्या पेनना जवळचा धातू चालत नाही. पट्टी असूनही रेघेत लाटा आल्या तर त्या हाताच्या नाहीत, यंत्राच्या आहेत. हीच रेघ चार्जर लावून एकदा आणि काढून एकदा ओढा.

शेवटी पेन भराभर फिरवून एकदम थांबवा. शाई मागून येऊन टोकाला गाठत असेल तर तो उशीर आहे, चुकीची जागा नव्हे. साधारण लिहिताना टोक सेकंदाला १०० मिलिमीटर पळतं असं धरा. यंत्राला २० मिलिसेकंद उशीर होत असेल तर शाई २ मिलिमीटर मागे दिसणारच. ॲपलनं २०१९ मध्ये आयपॅडची आयपॅडओएस १३ ही प्रणाली आणताना ॲपल पेन्सिल या पेनचा उशीर २० वरून ९ मिलिसेकंदांवर आणल्याचं सांगितलं होतं, म्हणजे त्याच वेगाला अंतर १ मिलिमीटरच्याही आत आलं. हे काम सॉफ्टवेअरच्या अंदाज बांधण्याचं, कॅलिब्रेशनचा त्यात काही भाग नाही.

आपापल्या यंत्रावर हे करून निकाल इथे लिहा. यंत्राचं नाव नाही दिलंत तरी चालेल, पेन कुठल्या प्रकारचा ते मात्र सांगा.

---

गुजरीकर

दादा, लई कामाचा धागा काढलासा. माझं काम कोल्हापुरी साजाची पानं काढायचं. मासा, कासव, बेलपान, चंद्र, कमळ अशी हातानं काढून घेतो, मग ती संगणकावर पक्की करून डाय (साचा) करणाऱ्याकडं जातात. जुना घेतलेला पेनवाला लॅपटॉप हाय, पेनला बॅटरी न्हाई.

तुमच्या नऊ फुल्या केल्या. मधे अगदी बरोबर. डावीकडं थोडा फरक, चालवून घेतो. उजव्या कडंला मात्र दोन बोटं रुंदीच्या पट्ट्यात ठिपका आत सरकतोय, दोन-अडीच मिलिमीटर तरी. विंडोजमधलं कॅलिब्रेशन पूर्वी करून बघितलं होतं, कड थोडी सुधारली पण मधलं बिघडलं, म्हणून रीसेट केलं. यंत्र उलटं फिरवल्यावर तो पट्टा माझ्या डाव्या हाताला आला आणि चूक पण त्याच पट्ट्यात राहिली. म्हणजे यंत्रातच हाय न्हवं का?

---

उद्यमनगरवाला

@गुजरीकर, यंत्रातच आहे. दुरुस्तीचं काम करतो म्हणून थोडं खोलात सांगतो.

बॅटरी नसलेला पेन म्हणजे बहुतेक करून ईएमआर, विद्युतचुंबकीय अनुनादावर चालणारा. पेनचे पॅड बनवणाऱ्या वॅकॉम कंपनीनं हे तंत्र रुळवलं, सॅमसंगचा एस पेन २०११ च्या पहिल्या गॅलेक्सी नोटपासून याच तंत्रावर आहे. स्क्रीनच्या मागे एक पातळ सेन्सर बोर्ड असतो, त्यात तारांचे उभे-आडवे वेढे. बोर्ड क्षणभर लहरी सोडतो, पेनमधली कॉइल (तारेचं वेटोळं) त्या लहरींवर भारते, मग बोर्ड गप्प राहून पेनचं उत्तर ऐकतो. हे सेकंदाला शेकडो वेळा चालतं. दोन वेढ्यांमधलं अंतर काही मिलिमीटर असतं, पण शेजारशेजारच्या वेढ्यांत उत्तर कुठे किती जोरात आलं ते ताडून यंत्र मधली जागा काढतं.

कडेची गोची इथेच आहे. मधे पेनच्या दोन्ही बाजूंना वेढे असतात. कडेला एका बाजूचे वेढे संपतात, त्यामुळे ताडायला अर्धीच माहिती. चांगल्या यंत्रात सेन्सर बोर्ड स्क्रीनच्या चित्रापेक्षा थोडा मोठा ठेवतात. लॅपटॉपची चौकट बारीक करायच्या नादात ती जागा राहत नाही.

पण एकाच कडेला अडीच मिलिमीटर म्हणजे नुसतं हे नसणार. दोन गोष्टी बघ. यंत्राला कव्हर आहे का आणि त्याची चुंबकाची पट्टी उजवीकडे येते का? आणि त्या बाजूला काचेखाली स्पीकर आहे का? चुंबक सेन्सरजवळ आला की लहरी वाकतात. कव्हर पूर्ण काढून, टेबलावर लोखंडी काही नाही हे बघून नऊ फुल्या परत कर. लोखंडी पत्र्याच्या टेबलावर काम करत असशील तर लाकडी पाटावर ठेव.

---

गणिताचे सर

धाग्यात काचेच्या जाडीचा उल्लेख आहे, त्याचं गणित मांडतो, कारण विद्यार्थ्यांना अपवर्तन शिकवायला याहून जवळचं उदाहरण मला सापडलेलं नाही.

पेनचं टोक काचेच्या वर टेकतं, चित्र काचेखाली असतं. काच १.५ मिलिमीटर जाड, तिचा अपवर्तनांक १.५, आणि तुम्ही लंबाशी ४५ अंशांनी बघताय असं धरू. काचेत शिरल्यावर किरण वळतो आणि लंबाशी सुमारे २८ अंशांचा कोन करतो. १.५ गुणिले त्या कोनाचा टॅन म्हणजे साधारण ०.८ मिलिमीटर. टोकाच्या बरोबर खालचा ठिपका तेवढा तुमच्याकडे सरकलेला दिसेल. १५.६ इंची फुल एचडी स्क्रीनवर एक पिक्सेल ०.१८ मिलिमीटरचा असतो, म्हणजे चार पिक्सेलांहून जास्त. काच आणि पॅनेल यांच्यात हवेची फट असेल तर किरण तिथे पुन्हा पसरतो आणि फरक आणखी वाढतो. 'लॅमिनेटेड' स्क्रीनचे जास्त पैसे का मोजायचे त्याचं उत्तर हे आहे : फट चिकटद्रव्यानं भरलेली असते.

यावरून निघणारी व्यवहारातली गोष्ट अशी, की कॅलिब्रेशन ज्या बैठकीत केलंत त्याच बैठकीला ते बरोबर असतं. खुर्चीवर बसून केलं आणि वर्गात उभं राहून वापरलं तर नजरेचा कोन बदलला, हिशेबही बदलला.

दुसरा मुद्दा प्रोजेक्टरचा. वर्गात प्रोजेक्टर लावला की माझ्या सहकाऱ्यांचे पेन हटकून चुकतात. दोन पडदे जोडले की विंडोजला पेनचा पडदा कुठला हेच कधी कधी कळत नाही, आणि लॅपटॉपवर दिलेला ठिपका दोन्ही पडद्यांच्या हिशेबानं पडतो. कंट्रोल पॅनेलमधल्या टॅबलेट पीसी सेटिंग्जमध्ये 'सेटअप' आहे, ते दाबलं की एकेका पडद्यावर सूचना येते, पेनच्या पडद्यावर ती आली की पेन टेकवायचा. हा घोटाळा कॅलिब्रेशननं सोडवायला गेलात तर प्रोजेक्टर काढल्यावर सगळं उलटं होऊन बसेल.

---

पत्रिकावाला_राजारामपुरी

भावा, सरळ आयपॅड घे आणि काम कर. माझ्याकडे कॅलिब्रेशन हा विषयच नाही.

---

रंकाळाकाठ

@पत्रिकावाला, आयपॅडवर पेन्सिलचं कॅलिब्रेशन वापरणाऱ्याच्या हातात दिलेलंच नाही, कारखान्यात जे झालं ते झालं. बहुतेकांना ते पुरतं हे खरं. पण टोक झिजलं, जाड काच चिकटवली किंवा पेन्सिलचं टोक सैल झालं तर तुझ्या हातात टोक बदलणं आणि काच काढणं एवढंच उरतं. शिवाय गुजरीकरांचं पुढचं सगळं काम विंडोजवरच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्यांना असलेलं यंत्र नीट करून हवंय.

@सर, यंत्र फिरवण्याच्या कसोटीत ठिपका नेहमी तुमच्याच बाजूला का राहतो ते तुमच्या गणितानं नेमकं कळलं. आभार.

---

डावखुरी

कलतेपणाबद्दल कुणी सविस्तर लिहिलं नाही, म्हणून लिहिते. हा विषय माझ्या अगदी जवळचा आहे.

ईएमआर पेनमध्ये यंत्राला टोक दिसत नाही, कॉइल दिसते, आणि कॉइल टोकाच्या वरच्या बाजूला असते. पेन उभा असेल तर कॉइल बरोबर टोकाच्या डोक्यावर. पेन उजवीकडे कलला की कॉइल उजवीकडे सरकते आणि यंत्राला वाटतं टोकच तिकडे आहे. चांगले पेन आपण किती कललोय तेही कळवतात, मग ड्रायव्हर, म्हणजे पेन चालवणारं सॉफ्टवेअर, तेवढी दुरुस्ती करून घेतो. ज्या पेनला कलण्याची माहितीच देता येत नाही, त्यात ही दुरुस्ती ठरावीक कोन धरून केलेली असते, आणि तो ठरावीक कोन बहुतेक वेळा उजव्या हाताचा असतो.

आमच्या घरी यंत्र एकच आणि वापरणारे दोघे. दादा उजव्या हातानं काढतो, मी डाव्या. त्यानं कॅलिब्रेट केलं की माझी रेघ सरकते आणि मी केलं की त्याची, कारण दोघांचे पेन विरुद्ध बाजूंना कलतात आणि फरक दुप्पट होतो. उपाय : विंडोजमध्ये करताना मी पेन अगदी उभा धरून फुल्यांवर टेकवते. दोघांनाही थोडा थोडा फरक राहतो, पण तो सोसण्यासारखा. वॅकॉमचा पेन-डिस्प्ले (पेननं थेट लिहायचा वेगळा पडदा) असेल तर त्याच्या स्वतःच्या ड्रायव्हरमध्ये डावा किंवा उजवा हात निवडता येतो का, ते आधी बघा. तिथे विंडोजचं कॅलिब्रेशन वापरायचंच नाही, ड्रायव्हरचंच वापरायचं. दोन्हीकडे केलं तर दुरुस्तीवर दुरुस्ती होऊन कुठली कुणाची ते सुटत नाही.

आणि फुल्यांवर टेकवताना कर्सर बघायचा नाही, फुली बघायची. कर्सर फुलीवर आणायच्या नादात आपण जुनी चूकच नव्या हिशेबात भरतो.

---

उद्यमनगरवाला

@डावखुरीताई, शंभर टक्के. निबचं, म्हणजे पेनच्या बदलता येणाऱ्या टोकाचं, पण लिहून ठेवतो. निब एका बाजूनं छिन्नीसारखी घासली गेली की टेकायची जागाच बदलते, आणि काचेवर ओरखडे पडतात ते वेगळे. निब चिमट्यानं ओढून काढायची आणि नवी पूर्ण आत बसेपर्यंत दाबायची. अर्धवट बसली किंवा आत धूळ अडकली तर दाब मोजणारा भाग आधीच दाबलेला राहतो, आणि पेन काचेपासून वर असतानाच शाई उमटते. लोक ते घेऊन 'कॅलिब्रेशन गेलं' म्हणत येतात. त्याचा आणि कॅलिब्रेशनचा काही संबंध नाही.

---

मोडीशिकाऊ

मी मोडीचा सराव टॅबवर करते. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग तिच्याखाली हात न उचलता अक्षरं लिहीत जायची. त्यामुळे मला थरथरणारी रेघ आणि उशीर हे दोन्ही फार जाणवतात, जागा थोडी चुकली तर इतकं नाही. माझ्या पेनला बॅटरी आहे. तुमची पट्टीची कसोटी घेतली : आडवी रेघ सरळ, तिरप्या रेघेत मात्र ठरावीक अंतरानं लाटा. सगळ्या लाटा सारख्याच. चार्जर लावला की त्यावर आणखी बारीक थरथर चढते. घर मंगळवार पेठेत, जुनं वायरिंग. हे कॅलिब्रेशननं जाईल का?

---

उद्यमनगरवाला

@मोडीशिकाऊ, नाही जाणार, आणि तुम्हाला दोन वेगवेगळे त्रास आहेत.

ठरावीक अंतराच्या लाटा म्हणजे सेन्सरच्या जाळीचा ठसा. बॅटरीवाला पेन टोकातून विद्युत संकेत सोडतो आणि स्पर्श ओळखणारी काचेतली जाळीच तो ऐकते. ती जाळी बोटासाठी आखलेली, तिच्या रेषांमध्ये ४-५ मिलिमीटर अंतर. मधली जागा अंदाजानं काढताना प्रत्येक घरात तीच छोटी चूक परत परत होते. तिरपी रेघ घरामागून घर ओलांडत जाते म्हणून लाट दिसते. आडवी रेघ जाळीला समांतर राहते म्हणून सरळ दिसते. हे त्या यंत्राच्या घडणीतच आहे. जरा वेगानं ओढलं की लाट कमी दिसते, आणि सॉफ्टवेअरमधला स्टॅबिलायझर (रेघेची थरथर गुळगुळीत करणारी सोय) ती बरीच पुसतो.

चार्जरची थरथर मात्र जाण्यासारखी आहे. दोन पिनी चार्जरमधून थोडी गळती यंत्रात येते, यंत्राच्या धातूच्या पाठीवर हात फिरवला तर झिणझिण्या जाणवतात ती हीच. घराला नीट अर्थिंग नसेल तर तिला जमिनीत जायला वाट नाही. मग हात स्क्रीनवर टेकला की तो गोंधळ संकेतात मिसळतो. लिहिताना चार्जर काढून ठेवा, नाहीतर चांगल्या दर्जाचा तीन पिनी चार्जर आणि अर्थ असलेला बोर्ड घ्या. बोर्डवर तिसरं भोक आहे म्हणजे अर्थिंग आहे असं धरून चालू नका, वायरमनकडून तपासून घ्या. हे पेनपुरतं नाही, तुमच्या जिवासाठी पण आहे.

पावसाळ्यात ओला तळहात पण अशा पेनला त्रास देतो. काच आणि हात कोरडा ठेवा.

---

मोडीशिकाऊ

चार्जर काढून ओढल्यावर बारीक थरथर पूर्ण गेली. वायरमनला बोलावलं आहे. तिरप्या लाटांसाठी क्रिटा या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमधला स्टॅबिलायझर लावला, पण मोडीच्या गाठी गोलगोल आणि गुळगुळीत होतात, माझं वळणच हरवतं. तो किती ठेवायचा?

---

रंकाळाकाठ

@मोडीशिकाऊ, सरावाला पूर्ण स्टॅबिलायझर नको. क्रिटात त्याच ठिकाणी 'वेटेड' असा सौम्य पर्याय आहे, तो अगदी कमी अंतरावर ठेवा, म्हणजे लाट बुजेल आणि वळण राहील. वरची लांब रेघ मात्र सरळरेषेच्या साधनानं ओढून घ्या, हातानं ओढायचा हट्ट तिथे नको. आणि क्रिटाच्या टॅबलेट सेटिंग्जमध्ये चाचणीची खिडकी आहे, तिच्यात यंत्राकडून येणारी माहिती कुठलीही सफाई न करता दिसते. दोष यंत्राचा की सॉफ्टवेअरचा हे तिथे लगेच कळतं.

स्टॅबिलायझरबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पाट्यांच्या मोठ्या अक्षरांना तो चांगला मित्र आहे. पण शिकणाऱ्यानं तो जपून वापरावा, कारण हाताची चूक हाताला दिसली नाही तर हात सुधारणार कसा?

---

निवृत्त कलाशिक्षक

चर्चा उत्तम चालली आहे. एक मुद्दा खरेदी करणाऱ्यांसाठी मांडतो.

खोक्यावर दोन आकडे ठळक छापलेले असतात : दाबाच्या पातळ्या ८१९२ आणि रिझोल्यूशन ५०८० रेषा प्रति इंच. मुलं हे आकडे बघून वस्तू घेतात. ५०८० रेषा म्हणजे एका इंचाचे तेवढे भाग, दोन भागांत अंतर ०.००५ मिलिमीटर. पण यंत्र इतक्या बारीक फरकानं आकडा सांगू शकतं याचा अर्थ तो आकडा तितका खरा असतो असा नाही. वॅकॉमच्या इंट्युओस प्रोच्या तांत्रिक तक्त्यात अचूकता वेगळी दिलेली आहे : अधिकउणे ०.२५ मिलिमीटर. रिझोल्यूशनच्या आकड्यापेक्षा ही चूक ५० पट मोठी, आणि ही नावाजलेल्या, बिनस्क्रीनच्या पॅडची गोष्ट. जो उत्पादक अचूकतेचा आकडा छापतच नाही, त्याच्या वस्तूवर दुकानातच नऊ फुल्या काढून बघाव्यात.

ही समस्या जुनी आहे. १९६४ मध्ये रँड संस्थेनं केलेल्या टॅबलेटची पाटी १० इंच चौरस होती आणि तिच्यात इंचाला १०० रेषा ओळखता येत. तिथेही पाटीवर लिहायचं आणि पडद्यावर बघायचं, म्हणजे हात आणि डोळा वेगळे. बिनस्क्रीनच्या पॅडवर आजही तेच आहे, आणि म्हणून तिथे काचेच्या जाडीचा प्रश्न येत नाही. तिथला नेहमीचा दोष निराळा : पॅड १६:१० चा आणि पडदा १६:९ चा असेल तर काढलेलं वर्तुळ लंबगोल होतं. ड्रायव्हरमध्ये प्रमाण कायम ठेवण्याचा पर्याय असतो, तो लावला की पॅडची थोडी जागा वाया जाते पण वर्तुळ वर्तुळ राहतं. चित्रकलेच्या विद्यार्थ्यानं ही जागा खुशाल वाया घालवावी.

कोल्हापूरला हत्यार उघडून बघायची जुनी सवय आहे. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा इथेच स्वतः घडवला. हातातलं साधन कसं चालतं हे चित्रकारानं समजून घ्यावं असं मी वर्गात नेहमी सांगत आलो, म्हणून हा धागा वाचून समाधान वाटलं.

---

गुजरीकर

गुरुजी, नमस्कार. उद्यमनगरवाले दादा, तुमचं बरोबर निघालं. कव्हरच्या झडपेला चुंबकाची पट्टी हाय आणि काम करताना मी ती झडप उजवीकडून मागं दुमडून ठेवतोय, म्हणजे चुंबक बरोबर त्याच पट्ट्याखाली. कव्हर काढल्यावर अडीचचा फरक एक मिलिमीटरच्या आसपास आला. पण उरलेला एक जाईना. आता कॅलिब्रेट करू का? मागच्यासारखं मधलं बिघडायची भीती वाटतीय.

---

रंकाळाकाठ

@गुजरीकर, आता करा, आता त्याची वेळ आहे. मागच्या वेळी मधलं बिघडलं कारण चुंबक तिथेच असताना केलं असणार. चुकीच्या मोजमापावर बसवलेली दुरुस्ती चुकीचीच होते.

कव्हर काढलेलं, चार्जर काढलेला, यंत्र लाकडी टेबलावर, बैठक नेहमीची. टॅबलेट पीसी सेटिंग्जमध्ये आधी रीसेट, मग कॅलिब्रेट, आणि विचारेल तेव्हा 'पेन' निवडा, 'टच' नव्हे. १६ फुल्या येतील. शेवटची झाल्यावर आकडे साठवायचे का विचारतं, तिथे लगेच हो म्हणायचं. एवढ्यावर कड सुधारली नाही तर विंडोजमध्येच टॅबकॅल नावाची आज्ञा आहे, तिला फुल्या कुठे आणि किती हव्यात ते आपण सांगू शकतो. उजव्या कडेजवळ फुल्या दाट ठेवायच्या आणि मधे विरळ. चारच बिंदूंवर काम करणारं कॅलिब्रेशन कडेच्या दोषाला उपयोगाचं नाही, ते सगळं चित्र एकसंध ताणतं, आणि कड ओढली की मधलंही ओढलं जातं.

आणि एक, हे कॅलिब्रेशनशिवाय आजच करता येईल : पान स्क्रीनवर मोठं (झूम) करून काढा. पेनची चूक काचेवर मोजली तर तेवढीच राहते, पण चित्र ४ पट मोठं केलं की चित्रातली चूक चौथाई होते. साजाचं पान बोटाच्या पेराएवढं, ते स्क्रीनच्या मधल्या भागात मोठं करून काढलं तर एक मिलिमीटरचा फरक पाव मिलिमीटरवर येतो. कडेला फक्त साधनांच्या पट्ट्या ठेवा.

---

लिनक्सप्रेमी

लिनक्सवाल्यांसाठी : ग्नोम या डेस्कटॉपच्या सेटिंग्जमध्ये वॅकॉमचा वेगळा विभाग आहे, पेन-डिस्प्ले असेल तर कॅलिब्रेशन तिथेच. पण त्याचे बिंदू मोजकेच असतात, त्यामुळे सरसकट फरक जातो, कडेचा राहतो.

---

गुजरीकर

केलं दादा. १६ फुल्यांनी मधलं जसंच्या तसं राहिलं, उजवीकडं आता अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी, अगदी शेवटच्या टोकाला थोडं जास्त. तिथं आता साधनांची पट्टीच लावून टाकली. कासवाचं पान मोठं करून काढलं, डायवाल्याकडं गेलं, त्यानं एकही रेघ परत पाठवली न्हाई. आभार सगळ्यांचे. चुंबकाचं कव्हर बदलून साधं घेतलंय.

---

गणिताचे सर

आनंद झाला. माझा एक प्रश्न राहिला. शाळेतल्या मोठ्या डिजिटल फळ्यावर पेन कुठेही बरोबर टेकतो, नऊ फुल्यांत फरक नाही. तरी लिहिताना अक्षरं एकमेकांना जोडली जातात. वेलांटी पुढच्या अक्षराला चिकटते, अनुस्वाराला शेपटी येते. पोरांना वाचता येत नाही. कॅलिब्रेशन करून उपयोग होईना.

---

उद्यमनगरवाला

सर, तो फळा बहुतेक इन्फ्रारेड चौकटीचा असणार. चौकटीच्या कडांमधून न दिसणाऱ्या किरणांची जाळी काचेच्या थोडी वर पसरलेली असते. पेन किंवा बोट त्या किरणांत आलं की 'टेकलं' असं धरतात, मग ते काचेला लागलेलं असो वा नसो. आपण अनुस्वार देताना किंवा वेलांटीवरून पुढच्या अक्षराला जाताना हात पुरेसा वर उचलत नाही, पेन किरणांतच राहतो, म्हणून शेपटी. जागा बरोबर असल्यामुळे कॅलिब्रेशननं काहीच बदलणार नाही.

चौकटीच्या आतल्या कडा कोरड्या मऊ फडक्यानं पुसा, खडूची धूळ तिथेच बसते. खिडकीतलं ऊन थेट फळ्यावर येत असेल तर पडदा लावा, उन्हातही इन्फ्रारेड असतं. बारीक टोकाचा पेन वापरा आणि फळ्याला काटकोनात धरा, कललेल्या पेनचा जास्त भाग किरणांत येतो. आणि अक्षर मोठं काढून दोन अक्षरांत हात पूर्ण उचला. एवढं करून फरक पडला का ते इथेच कळवा. शनिवारी दुपारनंतर त्या बाजूला येणं आहे, शाळा उघडी असेल तर चौकट उघडून आतून पुसून देतो.

---

गणिताचे सर

खडू बंद होऊन काळ लोटला, पण शेजारचा जुना फळा अजून वापरात आहे. धूळ तिथूनच येत असणार. शनिवारी शाळा सकाळची असते, तरी मी थांबतो. या.